सुसर आणि कोमोडो ड्रॅगन : एका प्रतिकृती-जोडीचे परीक्षण

एकाच प्रमाणात घडवलेल्या या दोन प्रतिकृती शेजारी ठेवल्या की प्रथम लांबीतला फरक जाणवतो, कारण सुसरीचा पूर्ण वाढलेला नर 5 मीटरांच्याही पुढे जातो, तर सरड्यांमध्ये सर्वांत मोठा असलेला कोमोडो ड्रॅगन साधारण 3 मीटरांपर्यंत वाढतो. सुसर मनापासून घडवली आहे. पाण्यात झपकन फिरवून मासे पकडता येतील असा लांब, अरुंद जबडा, त्यातले शंभराहून अधिक दात आणि नराच्या नाकाच्या टोकावरचा घड्यासारखा फुगवटा, ज्यावरून तिला घडियाल म्हणतात, हे सारे नेमके उतरले आहे. पाय मात्र फार दणकट झाले आहेत. प्रौढ सुसर शरीर उचलून चालू शकत नाही, वाळूवर पोटाने सरकते. नदीवरच्या तिच्या अवलंबित्वाचे हे एक मोठे कारण असल्याने ही चूक मला क्षुल्लक वाटत नाही.

ड्रॅगनची दुभंगलेली जीभ आणि वाकडी नखे उत्तम आहेत.

सोबतची माहितीपत्रिका निराश करते. ड्रॅगनचे भक्ष्य तोंडातील जिवाणूंमुळे मरते, असे ती अजूनही सांगते, जेव्हा त्याच्या खालच्या जबड्यातील विषग्रंथींविषयीचे संशोधन 2009 मध्येच प्रसिद्ध झाले आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 2021 पासून तो 'संकटग्रस्त' आहे, तर सुसर 2007 पासून त्याहून गंभीर अशा 'अतिसंकटग्रस्त' वर्गात आहे. पत्रिकेत दोघांनाही एकच शिक्का मारला आहे. सुसरीला धोक्यात आणणाऱ्या धरणे, वाळूउपसा आणि मासेमारीची जाळी यांचा तर उल्लेखही नाही. प्रतिकृती जरूर घ्याव्यात, पण मुलांच्या हाती देताना पत्रिका बाजूला काढावी.