समोरची नंबर प्लेट: फिटरला घरी बोलवावं की सेंटरवर जावं?

एचएसआरपीचं, म्हणजे गाडीच्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं, बुकिंग करताना पर्याय विचारला जातो: प्लेट सेंटरवर येऊन बसवणार की घरी बोलावणार? बहुतेक जण तिथे दोन मिनिटं थांबतात आणि मग सोयीचं वाटेल ते निवडतात. आमच्या घरात दोन्ही झालं. माझी २०१४ची वॅगनआर मी सेंटरवर नेली आणि बाबांच्या २०११च्या सँट्रोसाठी माणूस घरी बोलावला. दोन्ही गाड्या पुण्याच्याच, एमएच १२. त्यामुळे ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. अनुभव दोनच गाड्यांचा आहे, तुमचा वेगळा असू शकतो.

पैशांचा मुद्दा आधीच संपवतो. आम्ही भरले तेव्हा चारचाकीचे ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८८०च्या आत. त्यात पुढची प्लेट, मागची प्लेट, आतून काचेला लावायचा स्टिकर आणि बसवणं, सगळं आलं. घरी बोलावलं की वर थोडे जास्त. तेवढ्या फरकासाठी कुणी निर्णय बदलावा असं मला वाटत नाही. प्लेट तीच असते आणि ती गाडीला पक्की करणारं लॉकही तेच.

वेळेच्या बाबतीत घरचा पर्याय उघडच सरस आहे. सेंटरवर सकाळी दहाचा स्लॉट होता, माझा नंबर आला पावणेबाराला. पत्र्याची शेड, समोर सात-आठ गाड्या, बसायला दोनच खुर्च्या. जुन्या गाड्यांना ही प्लेट लावून घेण्याची मार्च २०२५ची पहिली मुदत पुढे सरकत गेली तशी गर्दी कधी ओसरायची, कधी पुन्हा वाढायची. मी गेलो तेव्हा वाढलेली होती. शिवाय तिथे प्लेटला फ्रेम घ्या म्हणून दोनदा विचारलं. मला ती नको होती. फ्रेमच्या कडेत पावसाळ्यात चिखल साठतो आणि गतिरोधकावर खडखड होते, हे मी मित्राच्या गाडीत रोज ऐकतो. नको म्हटल्यावर त्यांनी आग्रह केला नाही, पण सक्तीची आहे असं समजून ती घेणारेही रांगेत होते. सक्ती नाही, एवढं लक्षात ठेवा.

बाबांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. ते पंचाहत्तरीत आहेत, गुडघे दुखतात, रांगेत उभं राहणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणूनच घरचा पर्याय घेतला. फिटर अकराच्या सुमारास आला. मुलगा चांगला होता, अदबीने बोलत होता. आईने चहा दिला. इथवर मला वाटत होतं, आपण सेंटरवर उगाच अर्धा दिवस घालवला.

अडलं ते समोरच्या प्लेटपाशी.

मागच्या प्लेटला सहसा त्रास होत नाही. तिथे डिकीच्या दारात खास खोलगट जागा असते, पत्रा सपाट असतो, आणि वरच्या दिव्यामुळे प्लेट कुठे बसवायची ते आपोआप ठरतं. समोर प्लास्टिकचा बंपर असतो, तोही गोलसर, आणि प्लेट अर्ध्या मीटरची सरळ पट्टी. पाटी जेवढी लांब तेवढा तिरकेपणा उठून दिसतो. त्यात बाबांची गाडी पार्किंगमध्ये नाक भिंतीकडे करून उभी असते, बंपर आणि भिंत यांच्यात जेमतेम दोन फूट. मी गाडी बाहेर काढतो म्हटलं, तर फिटर म्हणाला, "राहू द्या दादा, दोन मिनिटांचं काम आहे." ते मी ऐकलं, ही माझी चूक.

जुन्या प्लेटचे स्क्रू गंजून बसले होते. एक निघाला, दुसऱ्याचं डोकं पेचकसाखाली गुळगुळीत होऊन गेलं. त्याच्याकडे ड्रिल आणि पेचकस, बाकी फारसं काही नव्हतं. त्याने जुनी प्लेट ओढून काढली, तुटका स्क्रू तसाच आत ठेवला आणि जुनी भोकं सोडून शेजारी नवी पाडली. उकिडवं बसून, मोबाइलच्या टॉर्चवर. त्याला अजून बरेच पत्ते गाठायचे होते, फोन सारखा वाजत होता. दोन्ही स्नॅप लॉक टक्‌टक्‌ बसले, त्याने पुढचा-मागचा फोटो काढला आणि तो गेला.

गाडी बाहेर काढली तेव्हा दिसलं. चालकाच्या बाजूने प्लेट बोटभर वर. बाबांनी फोन केला तर उत्तर आलं, "काका, प्लेट सरळच आहे, तुमचा बंपरच वाकडा आहे."

इथे स्नॅप लॉकचं वैशिष्ट्य समजून घ्यायला हवं, कारण माझा सगळा निर्णय त्यावर ठरला. साधा स्क्रू असता तर मी पाच मिनिटांत प्लेट सरळ केली असती. पण प्लेट काढून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये म्हणूनच ही व्यवस्था आहे. लॉक एकदा बसलं की बसलं. काढायचं तर तोडावं लागतं, आणि तुटलेलं पुन्हा वापरता येत नाही. नवं लॉक हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. म्हणजे समोरची प्लेट सरळ करायला बाबांना शेवटी सेंटरवरच जावं लागलं. ज्या रांगेपासून त्यांना वाचवायचं होतं, त्याच रांगेत. मी सोबत होतो, खुर्ची मिळवून दिली, पण मनाला लागलं ते लागलंच.

सेंटरवर माझ्या गाडीच्या वेळी काय झालं होतं ते आता सांगतो. तिथेही एक स्क्रू अडला होता. त्यांच्याकडे ग्राइंडर होता. डोकं उडवलं, उरलेला भाग पकडीने ओढून काढला आणि जुनंच भोक वापरलं. ड्रिलआधी प्लेट बंपरला धरून मार्करने दोन ठिपके दिले. मी म्हटलं, जरा थांबा, बघतो. सहा पावलं मागे गेलो, ग्रिलच्या आडव्या पट्टीशी ताडून पाहिलं, डावीकडून थोडं खाली घ्या म्हटलं. त्यांनी घेतलं. गाडी उजेडात, सपाट जमिनीवर, चारही बाजूंनी मोकळी उभी होती म्हणून हे जमलं. लॉक बसवण्याआधी नंबर पुन्हा वाचून घेतला आणि खाली डावीकडचा लेझरने कोरलेला कोड पावतीशी जुळवला. सेंटरवरची माणसं जास्त कुशल असतात असा माझा दावा नाही. हत्यारं हाताशी असतात, उजेड असतो, आणि चुकलंच तर दुसरं लॉक तिथेच मिळतं, एवढंच.

घरचा पर्याय टाकाऊ आहे असं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या नावावरची गाडी, किंवा बंद पडलेली, बॅटरी उतरलेली गाडी असेल तर दुसरं करणार काय! सोसायटीत बऱ्याच गाड्या एकत्र जमवून शिबिर लावलं असेल, तर ते मला घरपोचपेक्षा बरं वाटतं. फिटर दिवसभर एका जागी असतो आणि त्याला पुढच्या पत्त्याची घाई नसते. घरीच बोलावणार असाल तर गाडी आधीच बाहेर उजेडात काढून ठेवा, नाक मोकळ्या बाजूला. कितीही संकोच वाटला तरी लॉक लावण्याआधी त्याला थांबवा आणि मागे जाऊन बघा.

पण मागची प्लेट सोडून फक्त समोरच्या प्लेटचा विचार केला, तर माझं मत सेंटरकडे झुकतं. दोन तास जातात हे खरं. बंपरला पडलेलं भोक मात्र गाडी विकेपर्यंत सोबत राहतं. सँट्रोची प्लेट आता सरळ आहे, पण चुकीच्या भोकांपैकी एक अर्धं, प्लेटच्या वरच्या कडेतून डोकावतं. बाबा सकाळी गाडी पुसताना फडकं तिथे एकदा अडकतंच. ते काही बोलत नाहीत.

मेहुण्याची जुनी होंडा सिटी अजून राहिली आहे. त्याला शनिवार सकाळचा सेंटरवरचा पहिला स्लॉट घेऊन दिलाय, आणि आदल्या रात्री समोरच्या दोन्ही स्क्रूंवर तेलाचे चार-चार थेंब सोडून ठेवायला सांगितलंय.