१९६८ सालचं लेबल

ब्रश ओला होता, एवढंच निमित्त झालं. जिओडच्या, म्हणजे आतून पोकळ आणि स्फटिकांनी मढलेल्या दगडी गोट्याच्या, पोकळीतली धूळ काढावी म्हणून बारीक ब्रश पाण्यात बुडवला, झटकला आणि आत फिरवला. टोकाला हिरवा रंग आला. शेवाळ असेल असं वाटून पुन्हा फिरवला. या वेळी पाण्याच्या वाटीत हिरवा धागा सुटला. ज्या स्फटिकाची धार मी रोज लूपमधून, म्हणजे छोट्या भिंगातून, बघत बसायचे, ती चोखलेल्या खडीसाखरेसारखी गुळगुळीत झाली होती.

हा तुकडा मी जॅम्बोराइट नावाचं हिरवं खनिज म्हणून घेतला होता. अमेरिकेत केंटकी राज्यात हॉल्स गॅप इथे हायवे २७ साठी डोंगर कापलाय, तिथे क्वार्ट्झचे जिओड निघतात. त्यातल्या काहींच्या पोकळीत मिलराइट असतं. मिलराइट म्हणजे निकेल सल्फाइड. रंग पितळी, जाडी केसाएवढी. हवापाण्याने ते हळूहळू बदलत जातं आणि त्या केसांवर हिरवी लव चढते. ती लव म्हणजे जॅम्बोराइट, कधी होनेसाइट नावाचं दुसरं खनिज. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही ओळखायला जाल तर तज्ज्ञसुद्धा हात टेकतात. पण केस शाबूत आणि त्यावर हिरवी लव, असा एखादा तुकडा मिळाला की संग्राहकाला आणखी काही नको असतं.

माझ्या तुकड्यात केस नव्हतेच. काचेसारखे आरपार, पाचूच्या रंगाचे, नखाएवढे स्फटिक होते. खरं तर फोटो पाहूनच थांबायला हवं होतं, कारण जॅम्बोराइट असे टपोरे स्फटिक धरतच नाही. ते तंतूंसारखं किंवा अगदी बारीक पापुद्र्यांचं असतं. मी विक्रेत्याला विचारलं होतं तसं. तो म्हणाला, ‘म्हणूनच तर दुर्मिळ!’ आणि मला ते पटलं. इतकी वर्षं दगड गोळा करून! पुढे ‘साइटवरून नको, कमिशन जातं, थेट खात्यात भरा, थोडं कमी करतो’ हेही पटलं. पैसे परत मिळवायची वाट तिथेच बंद झाली.

तो हिरवा रंग निकेल सल्फेटचा होता. इलेक्ट्रोप्लेटिंगला, म्हणजे विजेने धातूचा मुलामा चढवायला, लागतं ते. पाण्यात भरपूर विरघळतं. दाट द्रावण जिओडच्या अर्ध्या वाटीत ओतून ठेवून द्यायचं, पाणी उडत जातं तसे स्फटिक धरतात. जिओड मात्र अस्सल, म्हणून क्वार्ट्झवर कितीही लूप लावा, खोट सापडत नाही. एक गोष्ट इथेच सांगते, नाहीतर कुणी चांगला तुकडा फेकून देईल. पाण्यात विरघळलं म्हणजे बनावटच, असं नाही. मोरेनोसाइट आणि रेटगर्साइट ही निकेल सल्फेटचीच खनिजं निसर्गात सापडतात आणि तीही विरघळतात. जॅम्बोराइट मात्र असं पाण्यात उतरत नाही.

मग दिव्याखाली बसून तुकडा इंच इंच पाहिला. जिओडमधले स्फटिक वाढतात ते गोटा जमिनीत अखंड असताना, बंद पोकळीत. गोटा फुटतो तो नंतर. त्यामुळे फुटलेल्या कडेवर, त्या ताज्या खरबरीत पृष्ठभागावर, स्फटिक असायचं कारणच नाही. माझ्या तुकड्यावर दोन हिरवे स्फटिक ती कड ओलांडून बाहेर ऐसपैस बसले होते. आत क्वार्ट्झवर सगळीकडे एकाच उंचीला फिकट हिरवी रेघ होती, बादलीत पाणी आटताना उमटते तशी. खालच्या सालीतही रंग झिरपला होता. हे सगळं पहिल्या दिवसापासून समोर होतं. मी फक्त स्फटिक बघत होते.

आणि लेबल! जुन्या संग्रहातलं म्हणून दिलेलं, पिवळं पडलेलं, टाइपरायटरवर उमटवलेलं: ‘जॅम्बोराइट, हॉल्स गॅप, १९६८.’ याच कागदावर मी सगळ्यात जास्त भाळले होते. हे नावच मुळी १९७३ सालचं. मोरांडी आणि दालरिओ यांनी इटलीतल्या अपेनाइन्स डोंगरांतून हे खनिज पहिल्यांदा नोंदवलं आणि कॅनडाचे खनिजशास्त्रज्ञ जॉन जॅम्बोर यांचं नाव त्याला दिलं. म्हणजे बारशाच्या पाच वर्षं आधीच पाळण्यावर नाव! घेण्याआधी पाच मिनिटं शोधलं असतं तरी कळलं असतं.

असा हिरवा तुकडा तुमच्याकडे असेल तर तो उघड्या हातांनी चोळत बसू नका. निकेल सल्फेटने कातडीला ऍलर्जी होते, आणि त्याची धूळ श्वासातून जाणं त्याहून वाईट. माझा आता झाकणाच्या डबीत आहे. डबीवर मी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: ‘क्वार्ट्झ जिओड, खरा. हिरवं माणसाने वाढवलेलं.’

हे सगळं आताच लिहायचं कारण निराळं आहे. फसवणूक लक्षात आल्यावर रागाच्या भरात मी त्या माणसाला सालाची चूक सविस्तर लिहून पाठवली. १९७३ पासून सगळं. उत्तर आलं नाही. महिन्याभराने त्याचा नवा तुकडा विक्रीला लागला. तसेच पाचूसारखे स्फटिक, तसाच पिवळा कागद, तोच टाइपरायटर. लेबलवर साल होतं १९८१. त्यामुळे यापुढे लेबलावरून तो सापडणार नाही. फोटो मोठा करून फुटलेली कड बघा. तिथे अजूनही एक हिरवा स्फटिक कड ओलांडून बाहेर बसलाय, आणि त्याबद्दल मी त्याला काही कळवलेलं नाही.