बुलेटची सीट: विजापूर रोडचे सीटवाले चाचा

कॅन्सर हाडांत उतरलाय. आता औषधं फक्त दुखणं सुसह्य व्हावं म्हणून. बुलेट दोस्त चालवतो, मी मागे. जुन्या सीटवर दहा मिनिटांत माकडहाड ठणकायचं. चाचांनी आधी मला गाडीवर बसवलं, खडूनं खूण केली. खाली कडक फोम, वर मऊ थर, मागं टेकायला पाठ. पहिल्यांदा मधली शिवण रुतली. पैसे न घेता उसवून कडेला नेली. असा माणूस मिळायला नशीब लागतं.

रविवारी सोलापूरहून नळदुर्गचा किल्ला गाठला, साधारण ४५ किलोमीटर. थांबलो दोनदाच. किल्ल्यातल्या पाणी महालाच्या पायऱ्या मला झेपल्या नसत्या, तर दोस्तही उतरला नाही. तटाच्या सावलीत कडक भाकरी न् शेंगाचटणी खाल्ली. चाचांना दोन दिवस लागतात, आधी सांगून ठेवा. पुढच्या रविवारी अक्कलकोट.