जुन्या मारुती 800 चं कूलंट फ्लशिंग : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी 2003 ची मारुती 800, वडिलांच्या नावावर, पुण्यातली. मागच्या ऑगस्टमध्ये साताऱ्याला निघालो असताना खंबाटकी चढताना तापमानाचा काटा पाऊणच्या वर गेला. बाहेर पाऊस होता, एसी बंद होता, आणि तरी ही अवस्था. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत तपकिरी गढूळ पाणी, काढ्यासारखं. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रावणाचा, हिरवा रंग औषधालाही नव्हता.

कारण आमच्याच घरात होतं. पातळी कमी दिसली की आम्ही वर्षानुवर्षं सोसायटीचं बोअरचं पाणी ओतत आलो. ज्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरवलं की तिथेही क्षार बसणारच. शिवाय नुसत्या पाण्यात गंज रोखणारं काहीच नसतं. कूलंट फक्त थंडीच्या देशात लागतं, हा समज आपल्याकडे पक्का आहे. पुण्यात पाणी गोठण्याचा प्रश्न नाही हे खरं, पण कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं इथेही तितकीच लागतात.

फ्लश, म्हणजे जुनं पाणी काढून आतली धुलाई, घरीच केला. ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, गंजून बसला होता. जोर लावला असता तर तुटला असता, म्हणून खालचा होज पाईप काढून पाणी बादलीत घेतलं. मग थर्मोस्टॅटचं घर उघडलं आणि आत वॉलच (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, म्हणजेच थर्मोस्टॅट) नव्हता! कधीतरी कोणा मिस्त्रीने 'गाडी तापते' म्हणून तो काढून टाकला असणार. आपल्याकडे हा उपाय सर्रास करतात आणि मला तो अजिबात पटत नाही. वॉल नसला की इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, थंडीत तर ते थंडच धावत राहतं आणि पेट्रोल जास्त पितं. मूळ दुखणं, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, जिथल्या तिथेच राहतं. थंडीत आमचा काटा हलायचाच नाही, त्याचं उत्तर तेव्हा मिळालं.

फ्लशचं तयार द्रावण साध्या पाण्यात घालून, हीटरचा दांडा गरमवर ठेवून इंजिन चालवलं, पूर्ण थंड होऊ दिलं आणि पाणी सोडलं. नंतर साध्या पाण्याने चार वेळा धुतलं. चौथ्या वेळी पाणी नितळ आलं. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने केलं, नाहीतर बोअरचं पाणी पुन्हा आतच राहतं.

भरताना एक हिशेब लक्षात ठेवा. सगळं पाणी कधीच निघत नाही, थोडं इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये अडकून राहतं. त्यामुळे तयार मिश्रण ओतलं तर ते आणखी पातळ होतं. मी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणलं. मॅन्युअलमधली एकूण क्षमता पाहून तिच्या निम्मं आधी ओतलं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरली. नवा थर्मोस्टॅट 82 अंशांचा. बसवण्याआधी पातेल्यात गरम पाण्यात सोडून तो उघडतो का ते पाहिलं. झाकणही नवं घेतलं, कारण जुन्याचं रबर कडक झालं होतं. पुण्याच्या उंचीवर उघडं पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. 0.9 बार दाबाचं झाकण दाब नीट धरत असेल तर नुसत्या पाण्याचाही उत्कलनबिंदू 115 च्या पुढे जातो. एवढं महत्त्वाचं काम करणारं हे झाकण लोक दहा-दहा वर्षं बदलत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ हवा काढण्यात गेला, आणि तो जायलाच हवा. गाडीचं तोंड चढाकडे करून, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं. वरचा होज हाताने दाबत राहायचं, बुडबुडे आले की भरत राहायचं. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम तापतो. तेव्हा झाकण लावलं, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबलो. तरी पहिल्या आठवड्यात पातळी दोनदा बोटभर उतरली. त्यानंतर थांबली.

आता नऊ महिन्यांचं. पहिल्या महिन्यात खालच्या होजच्या जुन्या क्लिपमधून थेंब पडायला लागले, क्लिप बदलली. तिसऱ्या महिन्यात हीटरकडे जाणाऱ्या लोखंडी पाईपला टाचणीएवढं भोक दिसलं. पाईप आतून आधीच कुजला होता, गंजाचा थरच तिथे बूच होऊन बसला होता आणि फ्लशने तो निघाला. जुन्या गाडीत हे होऊ शकतं, त्यासाठी पैसे बाजूला ठेवूनच काम काढा. आणि इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधट फेस दिसत असेल किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर फ्लशच्या आधी हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या.

एप्रिलच्या उन्हात, चार माणसं आणि एसी लावून तीच खंबाटकी चढलो. काटा निम्म्याच्या किंचित खाली, पूर्ण घाटभर स्थिर. मला फार बरं वाटलं. डिसेंबरात सकाळी चार-पाच किलोमीटरमध्ये काटा जागेवर यायचा. वहीतल्या नोंदींप्रमाणे ॲव्हरेज 14.5 वरून 15.8 वर आलं. त्यात हवा काढायच्या आधीच बदललेल्या प्लगांचाही वाटा असेल, पण वॉलचा नक्की आहे. कालच झाकण उघडून पाहिलं, रंग अजून स्वच्छ हिरवा आहे.

काढलेलं पाणी गटारात किंवा अंगणात ओतू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि जिवाला घातक असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये दिलं.

रंग पाहून दुसरं कूलंट त्यात मिसळू नका, रंगावरून आतली रसायनं कळत नाहीत. उरलेल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये डिस्टिल्ड वॉटर मिसळून एक लिटरची बाटली डिकीत ठेवली आहे, आणि भरल्याची तारीख बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहिली आहे. दोन वर्षांनी पुन्हा बदलायचं आहे.