आकडे मोजणारा सिग्नल की गाड्या बघणारा?

रात्री अकराला आडवा रस्ता मोकळा, तरी लाल आकडा नव्वदवरून सावकाश उतरतोय. ठरावीक वेळेच्या सिग्नलचा खरा छळ हाच: त्याला रांग दिसतच नाही. पण तो स्वस्त, दुरुस्तीला सोपा, आणि उलटे आकडे असले की इंजिन बंद करायचं की नाही हे तरी ठरवता येतं.

दुसरा पर्याय गाड्यांचा अंदाज घेणारा. रस्त्याखालची तारेची वेटोळी किंवा खांबावरचे कॅमेरे गाड्या टिपतात आणि त्यानुसार हिरवा लांबतो किंवा आटोपतो. सिडनीत ‘स्कॅट्स’ ही अशी प्रणाली १९७० च्या दशकापासून आहे. आपल्याकडची अडचण वेगळी. वेटोळी लेन धरून मोजतात, आणि लेन पाळतंय कोण? दुचाक्या फटीफटीतून थेट झेब्रा पट्ट्यांवर! शिवाय रस्ता खोदला की तार तुटलीच. त्यापेक्षा कॅमेरे बरे.

संध्याकाळी सातला चारही बाजू तुडुंब असताना मात्र हा हुशार सिग्नलही हतबल. एकाचा हिरवा वाढवला की दुसऱ्याचा लाल वाढणारच. फरक पडतो तो दुपारी आणि रात्री. तरी माझं मत त्यालाच, फक्त पादचाऱ्यांचे सेकंद कापून गाड्यांना देऊ नयेत.