खांदा धरला की फाटला? उपाय निवडण्याआधी

चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा खांदा दुखायला लागला की गावात दोन सल्ले तयार असतात. एक, ‘चोळून घे’. दुसरा, ‘नागपूरले जाऊन एमआरआय काढ’. पहिला स्वस्त, दुसरा काही हजारांचा. पण दोन्हीच्या आधी एक गोष्ट पाहायची असते आणि ती घरच्या खाटेवर बसून पाहता येते. खांदा धरला आहे, की आतला स्नायू फाटला आहे? दोन्हींत हात वर होत नाही, दोन्हींत त्या कुशीवर झोप लागत नाही; उपाय मात्र वेगळे.

खांद्यात तीन हाडं भेटतात: दंडाचं हाड, पाठीवरचा फरा आणि गळ्याची हासळी. दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या उथळ खोबणीत टेकलेला असतो, बशीत लिंबू ठेवावं तसा. म्हणून हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत सगळ्यात जास्त वेळा निखळतो तोही हाच. माथ्याला जागेवर धरतात फऱ्यावरून निघालेले चार स्नायू. त्यांच्या टोकाच्या चिवट पट्ट्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. सांध्याभोवती एक पातळ आवरण असतं. आवरण आखडलं तर खांदा धरतो. कफ फाटला तर हातातला जोर जातो.

आता पारख. दुखणाऱ्याने कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवायचं आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायचा. मग घरातल्या दुसऱ्याने तोच हात हळूच बाहेर न्यायचा, नंतर वर उचलायचा. धरलेला खांदा दोघांनाही दाद देत नाही, मध्येच अडतो. फाटलेल्यात स्वतःला जमत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर हात वर जातो, आणि सोडला की धपकन खाली येतो. दुखणं फार असेल तर यात गल्लत होते, म्हणून शेवटचा शब्द डॉक्टरचाच.

धरलेला खांदा साधारण 40 ते 60 वयात, बायकांत जास्त. मागे वेणी घालता येत नाही, सदऱ्याच्या बाहीत हात जात नाही. मधुमेह आणि थायरॉइडवाल्यांत तो बराच आढळतो, म्हणून आधी शुगर तपासा. एमआरआयची सहसा गरज नसते. तो आपल्या चालीने एक ते तीन वर्षांत सुटत जातो, कधी थोडा अखडलेपणा राहूनही जातो. दुखणं जोरात असताना कुणाकडून कचकचून चोळून किंवा ओढून घेऊ नये, त्याने ठणका वाढतो. माझा कौल भिंतीवर बोटं चढवणं, हात लोंबता सोडून झुलवणं अशा रोजच्या हलक्या व्यायामाला, आणि झोप उडाली असेल तर सांध्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनला. मधुमेहींची शुगर त्यानंतर काही दिवस चढते, तेव्हा डॉक्टरला आधीच विचारून घ्या. ऑपरेशनचा विचार अगदी शेवटी.

फाटलेल्या कफमध्ये पुन्हा दोन तऱ्हा, आणि निवड खरी इथे अडते. वर्षानुवर्षं पोती उचलून, हातपंपाने फवारणी करून, किंवा नुसत्या वयानेही तो झिजत फाटतो. अशाला दोन-तीन महिने फिजिओथेरपीचे व्यायाम देऊन पाहावेत. बऱ्याच जणांचं ऑपरेशनवाचून भागतं. दुसरा, बंडीवरून किंवा मोटरसायकलवरून पडून एका झटक्यात फाटलेला. एक्स-रेत हाड शाबूत दिसतं, ‘मुका मार आहे’ म्हणून गोळ्या मिळतात, पण हात वर होत नाही. इथे थांबू नका. तुटलेली पट्टी मागे सरकत जाते, स्नायूच्या जागी चरबी भरते आणि काही महिन्यांनी शिवणं अवघड होतं. एमआरआयचा खर्च करायचाच असेल तर या खांद्यावर करा. सोनोग्राफीतही जाणकाराला बरंच कळतं.

ऑपरेशन केलं तर चार ते सहा आठवडे हात झोळीत आणि जड कामाला साधारण सहा महिने सुट्टी. झिजलेला कफ शिवायचा असेल तर कापूस वेचून, तूर काढून मगची तारीख मागता येते. पुढचा खरीप मात्र दुसऱ्याच्या हाताने करायची तयारी ठेवा. झटक्यात फाटलेल्याला ही सवलत नाही.

निखळलेल्या खांद्याची गोष्ट वेगळी. हाड बसवणारा जवळ असतो, रात्रीही भेटतो, पैसे कमी घेतो. तरी माझा कौल एक्स-रे असलेल्या दवाखान्याला. सोबत हाड मोडलं आहे का, हे नुसत्या हाताला कळत नाही, आणि मोडलेल्यावर ओढाताण झाली तर नस दुखावते. दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागाला स्पर्श कळतो का ते पाहा, दुपट्ट्याने हात छातीशी बांधा आणि लवकर निघा. जितका उशीर तितका खांदा बसवणं कठीण. कबड्डी खेळणाऱ्या विशीच्या पोराचा खांदा पुन्हा पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी, तेव्हा पहिल्याच वेळी हाडांच्या डॉक्टरला पुढचं विचारा. चाळिशीनंतर निखळला असेल तर कफही तपासायला सांगा. विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागून किंवा फिट (आकडी) येऊन खांदा अडकला तर तो मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत हे निसटतं, बाजूचा फोटोही मागा.

हासळी मोडली तर बहुतेकदा झोळीवर भागतं.

डावा खांदा दुखतोय, हात हलवून काही फरक पडत नाही, घाम फुटलाय, छाती दाटलीय, तर वरचं सगळं बाजूला ठेवून 108 ला फोन करा. ते हृदयाचं असू शकतं.

बाकीच्यांनी आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात एक्स-रे आणि शुगर करून घ्यावी. ऑपरेशनचं निघालंच तर सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ किंवा नागपूरचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, यांतलं जे सोयीचं पडेल ते. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि तुमचं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा.