बारा सेकंदांचा हिशेब: रेसिंग सूट, हातमोजे आणि अग्निशामक यंत्रणा आठ महिने वापरल्यानंतर

गेले आठ महिने मी बंद छताच्या रेस-कारमध्ये एकच संच वापरत आहे: तीन थरांचा रेसिंग सूट, आगरोधक अंतर्वस्त्रे, बालाक्लाव्हा (हेल्मेटखाली घालायची आगरोधक टोपी), मोजे, हातमोजे, बूट आणि गाडीत कायमची बसवलेली, फेस फवारणारी अग्निशामक यंत्रणा. या काळात अकरा शर्यती आणि त्याहून अधिक सरावाचे दिवस झाले. माझ्या गाडीला एकदाही आग लागली नाही, त्यामुळे ज्वाळांमध्ये हा सूट कसा वागतो हे मी अनुभवाने सांगू शकत नाही. मात्र आग लागण्याच्या कितीतरी आधी, रोजच्या वापरात, या सामग्रीने देऊ केलेली सेकंदे कुठे टिकतात आणि कुठे हातची जातात, हे मला नीट पाहता आले, आणि त्याबद्दलच लिहीत आहे.

सेकंद हा शब्द मुद्दाम वापरला आहे. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार-क्रीडा महासंघाच्या 8856-2018 या मानकाखालील सूटच्या कापडाला प्रति चौरस मीटर 80 किलोवॅट इतक्या उष्णतेच्या ज्योतीवर धरले, तर आतल्या बाजूचे तापमान 24 अंशांनी वाढायला किमान 12 सेकंद लागावे लागतात. आधीच्या 8856-2000 या मानकात हीच मर्यादा 11 सेकंद होती. एसएफआय या अमेरिकी मानक-संस्थेची 3.2ए/5 ही पट्टी असलेला सूट दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे फोड येण्याइतके, भाजणे सुमारे 10 सेकंद लांबवतो, तर 3.2ए/1 चा एकेरी थराचा सूट जेमतेम 3 सेकंद. पट्टीवर नेमका कोणता आकडा आहे, हे विकत घेण्यापूर्वी मी दोनदा वाचले, कारण दुरून दोन्ही सूट सारखेच दिसतात. नोमेक्ससारखे आगरोधक धागे वितळत नाहीत. उष्णतेने ते फुगतात, कोळपतात आणि त्वचेपुढे आडोसा धरतात. सूट म्हणजे अग्निकवच नव्हे, गाडीबाहेर पडण्यासाठी मिळालेली मुदत आहे, हे एकदा मनात पक्के झाले की पुढचे सगळे निर्णय वेगळे होतात.

पहिली चूक मापाची झाली. उभ्याने अंगासरशी बसणारा, दिसायला नेटका सूट मी आधी निवडला होता. सीटमध्ये बसून पट्टे आवळल्यावर तो मांड्यांवर आणि खांद्यांवर इतका ताणला जाई की थरांमधली हवा जवळजवळ नाहीशीच होत असे. उष्णता अडवण्याचे निम्मे काम तर तीच हवा करते. शिवाय गुडघे वाकले की सूटचा पायाकडचा भाग वर सरकून बुटाच्या वरचा भाग उघडा पडे. तो सूट मी परत केला आणि एक माप मोठा घेतला, तोही सीटमध्ये बसून, हात स्टीअरिंगवर ठेवून आणि हातमोजे घालून पाहिल्यावरच. हातमोज्याचा कफ बाहीवर पुरेसा चढतो की नाही, हे उभ्याने कधीच कळत नाही.

अंतर्वस्त्रांबाबत सांगायचे तर, आगरोधक बनियन आणि विजार यांना त्याच कसोटीवर किमान 5 सेकंद टिकावे लागते, म्हणजे सूटच्या 12 सेकंदांना त्यांची खरीखुरी भर पडते. तरीही खेळाडू वापरतात तो घाम शोषणारा कृत्रिम धाग्याचा बनियन आत घालणारे चालक मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी त्यांना थांबवून बोललो आहे. ते कापड वितळून कातडीला चिकटते, आणि मग वरचा सूट कितीही चांगला असला तरी उपयोग नसतो.

गैरसोय लपवण्यात अर्थ नाही. तीन थरांचा सूट गरम होतो. उन्हातल्या एका शर्यतीनंतर माझे वजन सव्वा किलोने कमी भरले होते. घामाने भिजलेले कपडे आगीत अधिक धोकादायक ठरू शकतात, कारण आतल्या पाण्याची वाफ होऊन तीच पोळते. म्हणून आता मी अंतर्वस्त्रांचे दोन जोड बाळगतो आणि प्रत्येक सत्रानंतर कोरडा जोड घालतो. दोन थरांचा हलका सूट घ्यावा का, हा विचार मनात येऊन गेला, पण घामावर पाणी आणि कोरडे कपडे हा उपाय आहे, कमी झालेल्या थरावर कोणताच नाही.

संचातली सर्वांत कमकुवत वस्तू हातमोजे ठरली. चौथ्या महिन्यात उजव्या हाताच्या अंगठ्याजवळची शिवण उसवू लागली आणि तळव्याचा भाग घासून पातळ झाला. स्टीअरिंगची जाणीव राहावी म्हणून तळवा मुळातच पातळ ठेवलेला असतो, पण पट्ट्याची कळ, दाराची कडी आणि तापलेला पत्रा यांना आगीत सर्वांत आधी भिडतात ते हातच. 29 नोव्हेंबर 2020 रोजी बहरीनमध्ये फॉर्म्युला वन चालक रोमेन ग्रोजाँ यांची गाडी ताशी 192 किलोमीटर वेगाने कठड्यावर आदळून दुभंगली, पेटली, आणि सुमारे 27 सेकंदांनी ते स्वतः बाहेर आले. त्यांना मुख्यतः हातांना भाजले होते. तो प्रसंग ठाऊक असूनही मी उसवलेल्या हातमोज्यांनिशी आणखी एक सराव केला, हे आज मला पटत नाही. आता प्रत्येक शर्यतीच्या आदल्या रात्री हातमोजे उलटे करून प्रत्येक शिवण बोटांनी ओढून पाहतो.

धुण्याची काळजी मात्र सोपी आहे. सूट उलटा करून, चेन लावून, थंड पाण्यात सौम्य साबणाने धुतो आणि सावलीत वाळवतो. कपडे मऊ करणारे द्रावण अजिबात वापरत नाही, कारण त्याचा जळाऊ थर कापडावर राहतो. ब्लीच धागाच कमकुवत करते. तेल किंवा इंधन सांडले तर तो डाग धुऊन निघेपर्यंत सूट अंगावर चढत नाही. प्रायोजकाचे बिल्ले इस्त्रीने चिकटवू नयेत; ते आगरोधक धाग्याने आणि फक्त वरच्या थरावर शिवावेत, कारण सुई सगळ्या थरांतून गेली की तिथली हवाच दाबली जाते.

अग्निशामक यंत्रणेने मला सर्वांत अधिक शिकवले. बाटलीतून निघालेल्या नळ्या कॉकपिटमध्ये आणि इंजिनच्या कप्प्यात फेस सोडतात; एक खटका चालकाच्या हाताशी आणि दुसरा बाहेर असतो. बाहेरच्या खटक्याजवळ पांढऱ्या वर्तुळात लाल इंग्रजी 'E' हे अक्षर असावे लागते, म्हणजे मार्शलला (ट्रॅकवरच्या सुरक्षा-कर्मचाऱ्याला) तो शोधावा लागत नाही. विद्युतप्रवाह तोडणाऱ्या बटणाची खूण निळ्या त्रिकोणातली लाल ठिणगी आहे. हे सारे बसवणाऱ्याने नीट बसवले होते. पण दुसऱ्या महिन्यात पट्टे पूर्ण आवळून, हेल्मेट आणि मानेचा आधार लावून मी खटक्याकडे हात नेला, तेव्हा बोटे चार अंगुळे अलीकडेच थांबली. पट्टे सैल असताना तो सहज हाती येत होता, आणि तपासणी नेहमी पट्टे सैल असतानाच होत आली होती. खटका जागेवरून हलवून घेतला, आणि आता तो डाव्या हातानेही पोहोचेल असा आहे.

दुसरी गोष्ट सुरक्षा-पिनेची. गाडीची ने-आण करताना यंत्रणा चुकून सुटू नये म्हणून ती लावलेली असते, आणि ती काढली नाही तर खटका ओढूनही काही घडत नाही. एका सकाळी ती लावलेली असतानाच मी ट्रॅकवर जाणार होतो. मेकॅनिकने पाहिले म्हणून थांबलो. तेव्हापासून पिनेला लाल फीत बांधली आहे, आणि ती फीत माझ्या हातात दिल्याशिवाय मेकॅनिक दार लावत नाही.

बाहेर पडण्याचा सराव हा मला या सगळ्या सामग्रीचाच भाग वाटतो. पहिल्या प्रयत्नात मला 21 सेकंद लागली. सूटचे 12 आणि अंतर्वस्त्रांचे 5 धरले तरी तो हिशेब जुळत नव्हता, आणि प्रयोगशाळेतली ज्योत खऱ्या आगीसारखी नसते हे वेगळेच. वेळ कुठे गेली ते पाहिले: रेडिओची तार हेल्मेटला अडकून राहिली, पाण्याची नळी सुटेना, खिडकीची जाळी उलट्या हाताने उघडावी लागली. आता क्रम ठरला आहे. प्रवाह बंद, खटका, पट्ट्यांची कळ, स्टीअरिंग, जाळी, आणि तार आपोआप सुटेल अशी जोडणी. डोळे मिटून केलेल्या अलीकडच्या सरावात 9 सेकंद लागली. धुरात काहीच दिसणार नाही, म्हणून डोळे मिटून. हेल्मेटची काच पूर्ण खाली ठेवतो आणि बाहेर पडेपर्यंत श्वास रोखायचा प्रयत्न करतो. 1 ऑगस्ट 1976 रोजी जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंग ट्रॅकवर फॉर्म्युला वन चालक निकी लाउडा यांचे हेल्मेट अपघातात निघून गेले आणि भाजण्याबरोबरच विषारी वायू फुप्फुसांत गेल्याने त्यांचा जीव धोक्यात आला होता, हे वाचल्यापासून हेल्मेटचा पट्टा आणि बालाक्लाव्हाची कड मी स्वतःच्या हातांनी तपासतो.

पुन्हा घ्यायचे झाले तर सूट आणि अंतर्वस्त्रे हीच घेईन. हातमोज्यांचा मात्र जाड पाठीचा, शिवणी बाहेर असलेला दुसरा प्रकार मागवला आहे, आणि एक जोड नेहमी राखीव राहील. सूटच्या कॉलरवरील पट्टीवर वैधतेची अखेरची तारीख छापलेली आहे, ती मी गाडीच्या वहीत लिहून ठेवली आहे. तिच्या शेजारीच बाटलीच्या दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीची तारीख आहे, आणि ती येत्या हंगामाच्या मध्यावर येत असल्याने बाटली आधीच, हंगाम सुरू होण्यापूर्वी, तपासणीला पाठवणार आहे.